तुळई पास, मावशी पास

सभेचं इतिवृत्त मी सभेच्या आदल्या दिवशीच लिहून ठेवत असे. यात लबाडी नव्हती, सवय होती. आमच्या नवजीवन सहकारी गृहनिर्माण संस्थेत बिऱ्हाडं सहा, आणि कुठल्या विषयावर कोण काय बोलणार हे सहाही बिऱ्हाडांना पाठ. अध्यक्ष चुडामण मास्तर आधी पाण्याच्या टाकीवर बोलणार, मग शिस्तीवर. खालच्या मजल्यावरचे लोक वरच्यांच्या सांडपाण्याविषयी बोलणार, वरचे खालच्यांच्या धुराविषयी. मग चहा. मी हे सगळं शनिवारी लिहून काढायचो आणि रविवारी सभासद त्याप्रमाणे वागायचे.

मला सचिव केलं ते अक्षरामुळे. नाव वामन, वय तेवीस, तहसील कचेरीत कारकून, लग्न झालेलं नाही, म्हणजे संध्याकाळ रिकामी. इतिवृत्तात एखादं वाक्य गमतीचं घालायची मला खोड होती. सभा संपताना मास्तर ते मोठ्याने वाचत. त्या वाक्याशी आले की चष्मा काढून माझ्याकडे बघत, सभासद हसत, आणि मला आठवडाभर पुरेल एवढं समाधान मिळे. त्या समाधानापायी मी एका बाईचा पाय मोडला आणि एका सुताराचं नाव घालवलं. दोन्ही कामं मी पेनाने केली.

इमारतीत खोल्या ज्याच्या त्याच्या मालकीच्या. जिना, टाकी, चौक आणि वरच्या मजल्यावरची लांबलचक लाकडी गॅलरी सामायिक. सामायिक म्हणजे काय, तर पापड वाळत घालायचे असले की गॅलरी आपली आणि झाडायची असली की संस्थेची.

छप्पन्नच्या नोव्हेंबरात नवा मध्य प्रदेश झाला. आमची इमारत बुऱ्हाणपुरात राजघाटाच्या रस्त्यावर होती तिथेच राहिली, पण राजधानी नागपूर सोडून भोपाळला गेली आणि तिच्या मागोमाग आमच्या संस्थेची फाइल निघाली. सत्तावन्नचा उन्हाळा लागला तरी ती वाटेतच होती. मास्तरांचा जीव खालीवर होऊ लागला.

"वामन, फाइल पोचेपर्यंत आपण संस्था आहोत की नुसते शेजारी? उद्या जिन्यावरून एखादा पडला तर तो दावा कोणावर लावेल?"

"जिन्यात जो उभा असेल त्याच्यावर."

मास्तर हसले नाहीत. त्यांनी शालिग्राम एजंटाला बोलावलं. आयुर्विम्याचा धंदा सरकारने घेतल्यापासून शालिग्राम मरण सोडून अपघातांकडे वळला होता. त्याने आम्हाला एक पॉलिसी दिली. संस्थेच्या सामायिक जागेत बाहेरच्या माणसाला इजा झाली तर भरपाई कंपनी देणार. अट एकच. सामायिक जागांची दर वर्षी तपासणी व्हायला हवी, आणि ती इतिवृत्तात नोंदलेली हवी.

इतिवृत्त म्हणजे मी.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या चौकात झोका बांधतात. गॅलरीच्या पुढच्या तुळईला दोन लोखंडी कड्या, त्यातून दोर, खाली फळी. सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात आणि दिवसभर झोके घेत गाणी म्हणतात. कड्या बसवायला दर वर्षी शनवारा मोहल्ल्यातला लोटू मिस्त्री येई. त्या वर्षीही आला, आखाजीच्या आधीच्या शनिवारी. मी ओट्यावर बसून खरबूज खात होतो. तापीच्या वाळूतलं, पहिलंच.

"वामनभाऊ," लोटू शिडीवरून म्हणाला, "कड्या मी बसोतो, पन तुळईचं तुमी पाहा. रंग नवा दिसून राह्यला. रंगाखाली काय हाय ते वरून ठोकल्याबिगर कळत नई."

"मग ठोक ना तू."

"मी वर गेलो त तुमच्या मायनं पापड टाकेल हायती. म्हनतीन, लोटूनं तुडवले. तुमी चढा. सचिवाले कोनी बोलत नई."

"पाहतो."

त्याने दोन्ही कड्या बसवल्या, स्वतः लोंबकळून पाहिल्या, हत्यारं पेटीत भरली आणि जाता जाता विचारलं, "पाह्यली का?"

"पाहिली," मी म्हणालो.

पाहिली होतीच. खालून. तुळई जागेवर होती.

संध्याकाळी इतिवृत्त लिहायला बसलो. तपासणीची नोंद करायची होती. 'गॅलरीची तुळई तपासली, ठीक आढळली' हे वाक्य मला फारच कोरडं वाटलं. म्हणून मी लिहिलं: 'सचिव आणि त्यांच्या दापोऱ्याच्या मावशी मालूबाई, एकूण वजन साडेतीन मण, यांनी झोक्यावर बसून तुळईची परीक्षा घेतली. तुळई पास, मावशी पास.'

मावशी त्या आठवड्यात दापोऱ्याला केळीच्या मळ्यात होती. झोक्यावर ती बसली ती फक्त माझ्या वहीत. रविवारी मास्तरांनी वाक्य वाचलं, चष्मा काढला. सभासद इतके हसले की खालच्या मजल्यावरच्या उषाकाकूंना ठसका लागला. खाली सहा सह्या झाल्या.

चौथ्या दिवशी आखाजी. झोक्यावर उभी होती कोकिळा, मास्तरांची पुतणी, डोईफोडिया गावी दिलेली. झोका गॅलरीपर्यंत चढत होता. एकदा तो वर गेला आणि खाली आला तेव्हा नुसता आला. उजवी कडी लाकडाच्या भल्यामोठ्या ढलप्यासकट निघाली होती. गाणं एका ओळीच्या मध्यात थांबलं. कोकिळा फरशीवर बसलेली होती, आणि तिचा डावा पाय घोट्याच्या खाली भलत्याच दिशेला बघत होता.

ती पहिलं वाक्य बोलली ते हे: "गानं कायले थांबवलं? पडली मी, तुमी त नई पडल्या." मग ती बेशुद्ध झाली.

टांगा आला, तिला दवाखान्यात नेलं, चौक रिकामा झाला. मी वर गेलो. आईचे पापड ओलांडून तुळईपाशी बसलो. जिथून ढलपा निघाला होता तिथे बोट लावलं. बोट आत गेलं. दुसऱ्या पेरापर्यंत गेलं. वरचा रंग सोडला तर आत सगळं पीठ होतं, वाळवीने इतकं बारीक केलेलं की चाळायची गरज नव्हती. एकदा ठोकलं असतं तरी आवाजावरून कळलं असतं. मी बोट काढलं आणि पायजम्याला पुसलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी खबरदारी म्हणून ती तुळई उतरवून नवी घातली. जुनी फोडून बंबात गेली. आईने तिच्यावर तीन दिवस अंघोळीचं पाणी तापवलं. त्या पाण्याने मी तीन दिवस अंघोळ केली आणि एकदाही स्वच्छ वाटलं नाही.

आठवड्याने इंदूरहून कंपनीचे तिवारीसाहेब आले. बारीक, नीटनेटके, हसण्याचा परवाना घरी विसरून आल्यासारखे. मास्तरांच्या बैठकीत बसले. आतल्या खोलीत कोकिळा प्लॅस्टरमधला पाय उशीवर ठेवून पडली होती.

"घायल महिला सदस्यों की रिश्तेदार तो नहीं? रिश्तेदार हो तो पॉलिसी लागू नहीं होगी."

मास्तरांनी कोकिळेला सहाव्या वर्षापासून वाढवलं होतं. तिचं कन्यादान त्यांनीच केलं होतं. त्यांनी घसा साफ केला, कागद ओढला आणि लिहिलं की सदर महिला अध्यक्षांची कोणी लागत नाही, सणानिमित्त चौकात आली होती. आतून आवाज आला:

"काका, ह्या बाहीरच्या बाईले पानी द्या घोटभर."

मास्तर उठून पाणी द्यायला गेले ते लवकर बाहेर आले नाहीत.

तिवारीसाहेबांनी माझ्याकडे इतिवृत्त मागितलं, पानं उलटली आणि म्हणाले, "यह सब हिंदी में दीजिए. ऊपर की फाइल अब हिंदी में चलती है."

मराठीत ते वाक्य मी गमतीने लिहिलं होतं. हिंदीत लिहिलं ते पूर्ण शुद्धीवर. माझ्यासमोर कोरा कागद होता, टाक होता, खरं लिहायला पुरेशी शाई होती. मी लिहिलं: 'शहतीर उत्तीर्ण, मौसी उत्तीर्ण.' खाली सही केली. तिवारीसाहेबांनी वाचलं. चेहऱ्यावर काही हललं नाही.

"साढ़े तीन मन में मौसीजी कितनी?"

"जी?"

"मौसीजी का अलग वज़न."

"दो मन दस सेर," मी म्हणालो. दहा शेर कुठून आले ते मला आजही सांगता येणार नाही.

त्यांनी आकडा लिहून घेतला. मग शांतपणे गणित मांडलं. चार दिवस आधी साडेतीन मण पेलणारी तुळई सव्वा मणाच्या बाईने तुटत नाही. म्हणजे तुळई चांगली होती. म्हणजे कडी बसवताना चूक झाली. कडी किसने लगाई?

मी टाक पुसत बसलो. मास्तर दारात उभे होते. ते म्हणाले, "लोटू मिस्त्री. शनवारा."

"ठीक है. महिला को कंपनी पैसा देगी, फिर मिस्त्री से वसूल करेगी." मास्तरांचा चेहरा बघून त्यांनी समजावलं, "हम पहले देते हैं, फिर ढूँढते हैं कि देना किसका था." पंधरा दिवसांनी सह्या घ्यायला येतो म्हणून ते गेले.

त्यांचं गणित अचूक होतं. त्यात चूक होती ती फक्त माझी मावशी.

ही बातमी शनवाऱ्यात पोचायला एक दिवस पुरला. दिवस लग्नसराईचे. पाट, चौरंग, मांडवाचे खांब, रुखवताची कपाटं, ही लोटूची वर्षाची कमाई याच दोन महिन्यांतली. लोक आले आणि दिलेली कामं परत घेऊन गेले. ज्याच्या कडीने बाई पाडली त्याच्या चौरंगावर नवरदेव कोण बसवणार?

मी त्याच्याकडे गेलो ते काय बोलायचं हे न ठरवता. त्याच्या अंगणात लिंबाच्या झाडाला एक लोखंडी कडी बसवलेली होती आणि तिला ज्वारीची चार पोती टांगलेली होती. लोटू खाली उकिडवा बसून त्यांच्याकडे बघत होता.

"तीन दिवस झाले," तो म्हणाला. "हालली नई कडी. येता-जाता मानसं पाहतात. म्हनतात, पोती टिकतात, बाई पडते."

त्याची बायको धुरपदाबाई दारात होती. ती म्हणाली, "वामनभाऊ, तुमच्या मावशीलेच आना एक डाव. पोत्यावर लोकाहीचा इस्वास नई. मावशीवर हाय."

मी हसलो नाही. माझ्या वाक्यावर मी स्वतः हसलो नाही असं हे पहिल्यांदाच झालं.

"जाऊ दे वं," लोटू तिला म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, "ते खोटं कायले लिवतीन? तुमी तुळई पाह्यली म्हनता, तं चांगलीच असन. माझ्याच हातात खोट आली असन. बावीस वर्सांत पयलीच. रात्रंदिवस इचार करतो, कडी फिरवताना काय चुकलं म्हनून."

तो खरंच विचार करत होता. त्याने उजव्या हाताने हवेत कडी फिरवून दाखवली, थांबला, पुन्हा फिरवली. आपल्या चुकीचा शोध तो माझ्यासमोर घेत होता, आणि ती त्याला सापडणार नव्हती, कारण ती माझ्या खिशात होती. मी म्हणालो, "उन्ह फार आहे," आणि निघून आलो.

उन्ह खरंच फार होतं. ते एक तरी मी खरं बोललो.

दुसऱ्या दिवशी मास्तर बाजारात गेलेले बघून मी कोकिळेपाशी जाऊन बसलो. हिच्यावर आणखी एक ओझं होतं, जे मला त्या दिवशी कळलं. डोईफोडियाला ती कपडे शिवत असे. पायाच्या मशीनवर. अकरा लग्नांच्या चोळ्या अंगावर घेतलेल्या, आणि पाय उशीवर. कंपनीचे पैसे आले तर त्यात प्लॅस्टर, औषधं आणि हा सगळा हंगाम निघाला असता. ते पैसे माझ्या खोट्यावर उभे होते.

मी तिला सगळं सांगितलं. खरबूज, मावशी, बोट, पीठ. सांगून झाल्यावर विचारलं, "आता मी खरं सांगितलं तर लोटू सुटेल, पण तुझे पैसे जातील. तू सांग, काय करू?"



"मले कायले इचारतो?"

"तुझं नुकसान आहे म्हणून."

"मी 'सांग' म्हनली तर पैसे मी घालवले. 'नको सांगू' म्हनली तर लोटूले मी बुडवलं. दोन्हीकडून माह्याच डोक्यावर. पाय बी माहा, पाप बी माहं. तू मोकळा." ती कुशीवर वळायला गेली, पाय आठवला, थांबली. "तुले इमा पाह्यजे वामन. माह्याकडे नई भेटत. जाय."

मी गेलो. खालच्या पायरीवर बसून अर्धा तास जिन्याची फळी पोखरत राहिलो. नखाने. चांगली होती ती.

मग मी मास्तरांना सभा बोलवायला लावली. या सभेचं इतिवृत्त मी आधी लिहिलं नव्हतं, त्यामुळे सगळेच जरा बावरलेले होते. मी उभा राहिलो आणि म्हणालो की मी तुळई पाहिली नव्हती, मावशी आली नव्हती, तुळईला वाळवी होती, लोटूचा दोष नाही. कोणी हसेल की काय या भीतीने मी प्रत्येक वाक्य दोनदा म्हणालो.

उषाकाकू पहिल्या बोलल्या. "म्हणजे कंपनी पैसे देणार नाही?"

"नाही."

"मग कोण देणार?"

"संस्था."

"संस्था म्हणजे?"

"आपण."

यानंतर सभेत एक विलक्षण गोष्ट झाली. पाच वर्षांत पहिल्यांदा वरचे आणि खालचे एका बाजूला आले. खालच्यांपैकी एकाला आठवलं की त्याने मावशीला झोक्यावर पाहिलं होतं. वरच्यांपैकी एकाला तिच्या लुगड्याचा रंग आठवला, हिरवा. माझी आई मथुराबाई कोपऱ्यात बसली होती. ती उठली. "सरकारी नोकरीतला पोरगा खोटं लिवतो हे कचेरीत कळलं त घरी बसावं लागन," ती म्हणाली. "माही बहीन आली व्हती. मी कालच दापोऱ्याले जाऊन तिले इचारून आली."

"काय म्हणाली मावशी?"

"म्हने, बसली असन. मी कुठीबी बसती."

मास्तरांनी खाली मान घालून ठराव मांडला: गॅलरीची तुळई सचिवांनी प्रत्यक्ष पाहिली होती, असं ही सभा मान्य करते. मतं बिऱ्हाडाची मोजायची, आणि आमचं बिऱ्हाड आईच्या नावावर. सहा हात वर झाले. मी तुळई पाहिल्याचं एकमताने मंजूर झालं. न पाहणारा मी एकटा, आणि मला मत नव्हतं.

"वामन, लिही," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज फार दमलेला होता. "पोरीचा पाय आहे रे."

मी लिहिलं. 'सचिवांनी तुळई पाहिली होती, असा ठराव सभेने सहा विरुद्ध शून्य मतांनी मंजूर केला.' मग पुढच्या ओळीवर: 'सचिवांनी तुळई पाहिली नव्हती.' टीपकागद दाबला आणि वही मिटली.

तिवारीसाहेब ठरल्या दिवशी आले. वही मागितली. या वेळी मी हिंदी भाषांतर आधीच करून ठेवलं होतं, दोन्ही ओळींचं. त्यांनी ते वाचलं. मागे जाऊन मावशी वाचली. पुन्हा पुढे आले. मास्तर खिडकीबाहेर बघत होते.

"यह मज़ाक है?"

"नहीं साहब," मी म्हणालो. "पहले वाला मज़ाक था."

तिवारीसाहेबांनी पेनाचं टोपण काढलं आणि माझ्यापुढे एक कागद सरकवला. "लिखिए. तारीख़ डालिए." मी लिहिलं. वाळवीपर्यंत सगळं लिहिलं, खाली सही केली. त्यांनी सही वाळेपर्यंत वाट पाहिली, कागद पिशवीत ठेवला आणि उठताना पहिल्यांदाच माझ्याकडे माणसासारखं पाहिलं.

"मौसीजी का दो मन दस सेर भी...?"

"वो भी नहीं, साहब."

"हाँ," ते म्हणाले. "वहीं मुझे लगा था, वज़न कुछ ज़्यादा सोचकर बताया है."

तीन आठवड्यांनी कंपनीचं पत्र आलं. भरपाई नामंजूर. श्री लोटू मिस्त्री यांच्यावर कंपनीचा कोणताही दावा नाही. आणि शेवटी, सचिवांनी केलेल्या सहकार्याबद्दल कंपनी त्यांची आभारी आहे. या सगळ्या प्रकरणात माझे आभार मानले ते फक्त कंपनीने.

संस्थेने मला सचिवपदावरून काढलं. ठराव पुन्हा एकमताने. आईने या खेपेला हात वर करण्याआधी माझ्याकडे बघितलं एवढाच फरक. कोकिळेच्या पायाचा खर्च सहा बिऱ्हाडांवर वाटला गेला. उषाकाकू त्यांचा वाटा दिल्यापासून रोज जिन्यात म्हणतात, "खरं फार महाग पडतं बाई." कचेरीत अजून कळलेलं नाही. कळेल.

अकरा चोळ्या मात्र वाटून देता येत नव्हत्या. कोकिळेची मशीन बसच्या टपावरून बुऱ्हाणपूरला आली. सकाळी कचेरीच्या आधी दोन तास आणि संध्याकाळी उजेड असेपर्यंत मी मशीनखाली पाय घालून पावडी मारतो आणि ती शेजारच्या खुर्चीतून कापड सरकवते. दोघांचं जमायला आठवडा गेला. पहिल्या दिवशी मी एका नवरीची बाही गळ्याला शिवली. कोकिळा माझ्याशी दोनच शब्द बोलते: 'चाल' आणि 'थांब'. काका समोर नसले की एक तिसराही, पण तो छापता येत नाही. वरून गॅलरीतून सगळी संस्था बघते.

कंपनीचं पत्र घेऊन मी शनवाऱ्यात गेलो. पोती अजून झाडाला होती. मी पत्र वाचून दाखवलं, आणि त्याआधीचं सगळं सांगितलं, जे मागे उन्हाच्या नावाखाली गिळलं होतं. लोटू ऐकत होता. ऐकता ऐकता त्याचा उजवा हात मांडीवर कडी फिरवत होता तो थांबला.

"म्हंजे माह्या हातात खोट नव्हती."

"नव्हती."

"महिनाभर मी..." तो उठला, पोती उतरवायला लागला. मी हात लावायला गेलो.

"राहू द्या."

चारही पोती त्याने एकट्याने उतरवली. धुरपदाबाई दारातून म्हणाली, "हे घरात वाचून काय कामाचं? घरात कोनाचा संशय नव्हता. बाहीर वाचा. चौकात."

मग आम्ही तिघं शनवाऱ्याच्या चौकात गेलो. चहाच्या दुकानापाशी पंधरा-वीस माणसं होती. लोटू एका बाजूला उभा राहिला, हात मागे बांधून, जसा काही त्याच्यावरच खटला होता. मी कागद उघडले आणि वाचायला लागलो. आधी माझ्या जबाबाची बरोबर आणलेली नक्कल, मग पत्र. मावशीच्या वजनाशी आलो तेव्हा मागे कोणीतरी फुसकन हसलं. मग दुसरं. मग सगळा चौक. चहावाला कपबशी ठेवून डोळे पुसत होता. इतकं मोठं हसू मला आयुष्यात कधी मिळालं नव्हतं.

मी लोटूकडे पाहिलं. तो हसत नव्हता. हसू ओसरेपर्यंत तो थांबला, मग म्हणाला, "पुन्हा वाचा."

मी पुन्हा वाचलं. मावशी यायच्या आधी थांबून म्हणालो, "हसू नका," आणि पुढे वाचलं. या वेळी दोघेच हसले.

"पुन्हा वाचा," लोटू म्हणाला.